दुसरी प्रत

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी घरात माजघराच्या कोनाड्यात एक लोखंडी ट्रंक असे. घराचे खरेदीखत, मोडी लिपीतील चार-दोन कागद, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका, कुणाच्या तरी मुंजीत काढलेली छायाचित्रे आणि एक कॅसेट एवढाच तिचा ऐवज. कॅसेटवर घरातील वृद्ध मातेचा आवाज होता. १९८६ च्या उन्हाळ्यात, नातवंडांच्या हट्टाखातर, ती जात्यावर बसली आणि सुमारे अर्धा तास ओव्या म्हणत राहिली. आवाजामागे जात्याची घरघर, मध्येच बांगड्यांची किणकिण, एकदा दारावरच्या फेरीवाल्याची हाक. पुढच्याच वर्षी ती माउली गेली आणि ती कॅसेट घराचे धन झाली.

तिचा मुलगा रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाला, तेव्हा २००९ साल चालू होते. मुलाने घेऊन दिलेल्या संगणकावर या गृहस्थांनी एक उद्योग आरंभला. ट्रंकेतील प्रत्येक कागद स्कॅन करावयाचा, प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेली नावे टिपून घ्यावयाची, नात्यांची वंशावळ जुळवावयाची. कॅसेटवरील ओव्याही एका परिचिताकडून त्यांनी संगणकावर उतरवून घेतल्या. कॅसेट पुढे यंत्रात अडकून चुरगळली, तेव्हा तिचे फारसे दुःख झाले नाही. आवाज तर संगणकात होता.

चार वर्षांत संगणक भरला. गृहस्थ बाजारात गेले आणि एक टेराबाइटची बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क घेऊन आले. तळहाताएवढी काळी डबी, तिच्यात अख्खे घर मावणार होते. त्यांनी सारे फोल्डर तिच्यात हलवले आणि संगणकातली जागा मोकळी केली. ‘आता सर्व सुरक्षित आहे,’ असे त्यांनी समाधानाने घरात सांगितले. त्या वाक्यात एक मोठी चूक दडलेली होती, हे त्या वेळी कुणाच्याच ध्यानात आले नाही.

दिवाळीच्या साफसफाईत मेज ओढताना तार ताणली गेली आणि चालू असलेली ती डबी फरशीवर पडली. उंची जेमतेम अडीच फूट. वरून पाहता तिला साधा ओरखडाही नव्हता. मात्र पुन्हा जोडल्यावर आतून ‘टक्, टक्, टक्’ असा संथ आवाज येऊ लागला. माहिती परत मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेने दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी रक्कम सांगितली. गृहस्थांनी ती दिली. छायाचित्रांपैकी बरीचशी परत आली, पण नावे पुसलेली. मूळ फाइलींच्या जागी नुसते आकडे. ओव्या आल्या नाहीत.

एवढा मोठा प्रसंग त्या काळ्या डबीने का ओढवून आणावा, हे समजण्यासाठी तिच्या आत डोकवावे लागते. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या चकचकीत तबकड्यांची एक चळत. संगणकात व बाह्य डबीत साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत या तबकड्या फिरतात आणि त्यांच्या पृष्ठावर वाचन-लेखनाचे सूक्ष्म शीर्ष तरंगत राहते. शीर्ष आणि तबकडी यांतले अंतर अवघे काही नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी. तबकडी फिरत असताना धक्का बसला तर शीर्ष पृष्ठावर आपटते आणि तेथला लेप खरवडला जातो. बंद असताना ते बाजूला विसावलेले असते, म्हणून बंद डिस्क पडण्यात धोका पुष्कळ कमी. पहिली व्यापारी हार्ड डिस्क १९५६ मध्ये आयबीएम या कंपनीने बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर मावत होती पन्नास लाख अक्षरे. आज त्याच्या लाखो पट मजकूर खिशात मावतो, परंतु फिरती तबकडी आणि तिच्यावर तरंगणारे शीर्ष हे मूळ तत्त्व तेच राहिले आहे. लहान झाल्याने यंत्र स्वस्त झाले, अमर झाले नाही.

किंबहुना असे म्हणता येईल, की अशी प्रत्येक डिस्क विकत घेतानाच तिच्या मरणाचा दिवस गृहीत धरावा. काही डिस्क दहा वर्षे चालतात, काही पहिल्या वर्षीच बंद पडतात, आणि कोणती कधी थांबेल हे तिच्या वेष्टनावरून कळत नाही. दुकानदार तीन वर्षांची हमी दाखवतो. ती हमी वस्तूची असते, मजकुराची नसते. डिस्क बिघडली तर नवी मिळते, रिकामी.

गृहस्थांची चूक डिस्क निवडण्यात नव्हती, चूक एका शब्दात होती. बाहेरची डिस्क दोन निरनिराळ्या कामांसाठी घेतली जाते आणि दुकानात दोहोंसाठी एकच डबी पुढे येते, म्हणून हा घोटाळा होतो. एक काम साठवणीचे: संगणकात जागा नाही, म्हणून मजकूर बाहेर ठेवावयाचा. दुसरे काम राखीव प्रतीचे, ज्याला व्यवहारात ‘बॅकअप’ म्हणतात: मजकूर आहे तेथे राहू द्यावयाचा आणि त्याची आणखी एक प्रत अन्यत्र करावयाची. मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला, तर प्रत एकच राहते. फक्त तिचा पत्ता बदलतो. ट्रंकेतला दागिना काढून कपाटात ठेवला म्हणून दागिने दोन होत नाहीत. संगणकावर ‘हलवा’ आणि ‘प्रत करा’ या दोन आज्ञा एकाच यादीत, एकीखाली एक असतात, यामुळे हा साधा भेद नजरेआड होतो.

मराठी भाषेला हा धडा नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. या ग्रंथाचे निरनिराळे पाठ आढळतात, त्यामागील एक कारण हेच. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ माणसांच्या कंठातल्या राखीव प्रतींमुळे वाचला. मात्र प्रत केली म्हणजे काम संपले असेही नाही. हाताने नकलताना अक्षरे सुटत, ओळी गळत, कुणी आपल्याच पदरची भर घाली. म्हणून शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, संत एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. प्रत ताडून पाहण्याचे हे काम संगणकाच्या युगातही टळलेले नाही. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कुणाच्या तरी चुकीच्या आज्ञेने त्याच्या बहुसंख्य फाइली पुसल्या गेल्या. राखीव प्रत होती. पण ती नीट चालत नव्हती आणि हे कुणी तपासलेलेच नव्हते. चित्रपट वाचला तो त्याच्या तांत्रिक दिग्दर्शक असलेल्या एका स्त्रीमुळे. तिचे मूल तान्हे असल्याने ती घरून काम करी आणि तिच्या घरच्या संगणकावर एक प्रत शिल्लक होती.

बडोद्याच्या घरातही असेच काहीसे घडले. डिस्क बिघडल्याचे कळल्यावर नागपूरहून भाचीचा दूरध्वनी आला. मामाने तिला पूर्वी ई-मेलने ओव्या पाठवावयाचे ठरवले होते. मोठी फाइल जोडता येईना, म्हणून तिचे तीन भाग केले होते. पहिला भाग गेला, उरलेले दोन ‘उद्या पाठवू’ म्हणून राहिले. भाचीकडे तो पहिला भाग होता. नऊ मिनिटे. फेरीवाल्याची हाक त्यात होती. शेवटच्या, नातवंडांची नावे गुंफून म्हटलेल्या ओव्या त्यात नव्हत्या.

त्यानंतर सूनबाईंनी सूत्रे हाती घेतली. “बाबा, या वेळी मी बरोबर येते,” म्हणाल्या, “आणि एक नाही, दोन घेऊ.” गृहस्थांना तो खर्च दुप्पट वाटला. “दोन घ्यावयाच्या तर लहान घेऊ,” त्यांनी तडजोड सुचवली, आणि गंमत अशी की ती सूचना योग्यच होती. चार टेराबाइटच्या एका डिस्कपेक्षा दोन टेराबाइटच्या दोन डिस्क घरासाठी केव्हाही बऱ्या. संगणकावर आज जेवढा मजकूर आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमता पुरेशी होते. दहा वर्षांनंतरचा विचार करून आज मोठी डिस्क घेण्यात अर्थ नसतो, कारण तोवर तीच बदलण्याची वेळ आलेली असते.

क्षमतेच्या आकड्याविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा, कारण अनेकांना त्यात फसवणूक झाल्याचा भास होतो. एक टेराबाइटची डिस्क विंडोज संगणकाला जोडली की ९३१ गीगाबाइटच दिसतात. उरलेले कुणी चोरलेले नसतात. उत्पादक एक हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १०२४ च्या. मापे दोन आहेत, धान्य तेवढेच आहे.

दुकानात तीन प्रकारच्या वस्तू पुढे आल्या. अडीच इंची हार्ड डिस्क संगणकाच्या तारेतूनच वीज घेते, खिशात मावते आणि घरगुती राखीव प्रतीसाठी बहुतेक वेळा तीच पुरते. साडेतीन इंची डिस्क मोठी, जड; तेवढ्याच पैशांत तिच्यात अधिक मजकूर मावतो, पण तिला स्वतंत्र वीजजोडणी लागते. जेथे वीज वारंवार जाते तेथे लेखन चालू असताना मध्येच ती बंद पडण्याचा धोका ध्यानात घ्यावयास हवा. तिसरा प्रकार एसएसडीचा. तिच्यात फिरणारे काही नसते; अतिसूक्ष्म विद्युत कप्प्यांत भार साठवून मजकूर लिहिला जातो. ती हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, पडली तरी सहसा न बिघडणारी, आणि त्या मानाने महाग. रोज बरोबर न्यावयाच्या मजकुरासाठी ती उत्तम होय. परंतु एकदा भरून पाच-सात वर्षे कपाटात ठेवण्यास ती योग्य नव्हे, कारण वीज न मिळाल्यास त्या कप्प्यांतील भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो, आणि उष्ण जागी तो अधिक लवकर जातो. वेग पाहून भुलणाऱ्या ग्राहकाला हे कुणी सांगत नाही.

पेन ड्राइव्हविषयी तर न बोललेलेच बरे. निरोप नेणाऱ्या पोराच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये, तसे घरातले एकमेव छायाचित्र पेन ड्राइव्हवर ठेवू नये. शिवाय अतिस्वस्त पेन ड्राइव्हमध्ये आणि डिस्कमध्येही लबाडीचा एक प्रकार आढळतो. आतली चिप थोड्याच जागेची असते, पण ती संगणकाला खोटीच मोठी क्षमता सांगते. फाइली लिहिल्या गेल्यासारखे दिसते. उघडावयास गेल्यावर पोकळी हाती लागते. ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घेणे आणि घेतल्यावर एकदा पूर्ण भरून तपासणे हाच त्यावर उपाय.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, तरी अडवणाऱ्या. संगणकाची जोडणी जुनी, यूएसबी २.० ची, असेल तर पाचशे गीगाबाइट उतरावयास पाच तासांच्या आसपास लागतात; ३.० जोडणीवर साधी हार्ड डिस्कही ते काम दीड तासात उरकते. ही नवी जोडणी पुष्कळदा आतील निळ्या रंगावरून ओळखू येते. डिस्कची आखणी फॅट-३२ पद्धतीची असेल, तर चार गीगाबाइटहून मोठी एक फाइल तिच्यावर लिहिता येत नाही. लग्नाची दीर्घ चित्रफीत तेथेच अडते. आणि डिस्क काढण्यापूर्वी संगणकाची रीतसर परवानगी घ्यावी, नुसती ओढू नये. गृहस्थांनी हे शेवटचे सूचनापत्र मोठ्या अक्षरांत लिहून मेजावर चिकटवले.

दोन डिस्क घेतल्या खऱ्या, पण त्या दोन्ही त्याच मेजाच्या खणात ठेवावयाच्या, हे सूनबाईंना मान्य नव्हते. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक संकेत जगभर पाळला जातो: मजकुराच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. शेवटची अट पहिल्यांदा अतिरेकी वाटते. परंतु २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तळमजल्यावरील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा वेळी मेजावरचा संगणक आणि खणातली राखीव प्रत यांत पाणी भेदभाव करीत नाही. चोर आणि आगही करीत नाहीत.

घराबाहेरची प्रत म्हणून अलीकडे इंटरनेटवरील साठवण वापरली जाते. तिची सोय मोठी आहे. पण पुढचे भाडे भरले नाही तर जागा सोडावी लागते, हा नियम तेथेही चालतो. गूगल फोटोजवर छायाचित्रांसाठी मिळणारी मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा अनेकांना याचा अनुभव आला. आणखी एक बारकावा असा की, या सेवांपैकी काही केवळ आरशासारख्या असतात. संगणकावर चुकून फाइल पुसली की तिकडेही ती पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत सापडते, पुढे तीही वाट बंद. खऱ्या राखीव प्रतीत कालची, गेल्या महिन्याची अवस्थाही शिल्लक असावी लागते. विंडोज व मॅक या दोन्ही प्रणालींत त्यासाठीची सोय असते, फक्त ती कुणी सुरू करीत नाही.

डिस्क सतत जोडून ठेवण्याचा मोहही गृहस्थांना आवरावा लागला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले. अशी प्रणाली जोडलेल्या बाह्य डिस्कपर्यंतही पोचते. म्हणून प्रत करावी, ती ताडावी आणि डिस्क सोडवून ठेवावी, हा त्या घरचा शिरस्ता झाला.

परवलीच्या शब्दावरून मात्र घरात वाद झाला. डिस्क हरवली तर परक्याला वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक कुलपाने बंद करता येते. गृहस्थांना ही कल्पना फार आवडली; त्यांनी लांबलचक शब्द ठरवला आणि तो कुणालाच सांगितला नाही. सूनबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, “बाबा, तुम्हाला काही झालं, तर आम्ही ही उघडायची कशी?” असा प्रश्न विचारणे कोणत्याही घरात सोपे नसते. त्या दिवशी दुपारी गृहस्थांनी परवलीचा शब्द एका कागदावर लिहिला, पाकीट बंद केले आणि खरेदीखताशेजारी ट्रंकेत ठेवले.

आता त्या घरातील एक डिस्क माजघरातल्या कपाटात असते. पावसाळ्यात दमट हवेचा त्रास नको म्हणून तिच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकलेल्या असतात. दुसरी पुण्याला मुलीच्या घरी. दर दिवाळीला मुलगी माहेरी येते ती जुनी डिस्क घेऊन आणि परत जाते ती नवी भरलेली घेऊन; फराळाच्या डब्याखाली, मऊ साडीत गुंडाळून. एक डिस्क सहाव्या वर्षी बंद पडली. या वेळी कुणी प्रयोगशाळेत गेले नाही. तिच्या जागी दुसरी आणली आणि एका रात्रीत भरली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, स्नानसंध्या आटोपल्यावर, गृहस्थ मेजापाशी बसतात. ऐंशीच्या घरात पोचलेल्या हातांनी तार जोडतात, प्रत होऊ देतात आणि मग ती ताडून पाहण्यासाठी एखादी फाइल उघडतात. कोणतीही फाइल चालली असती, पण ते नेहमी एकच उघडतात. जात्याची घरघर सुरू होते, बांगड्या वाजतात, मध्ये फेरीवाला हाक देतो. स्वयंपाकघरातली भांडी तेवढा वेळ थांबतात. नऊ मिनिटांनी, एका ओवीच्या अर्ध्यावर, आवाज तुटतो. गृहस्थ थोडा वेळ बसून राहतात, मग संगणकाची रीतसर परवानगी घेऊन तार काढतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती पेन्सिलीने एक गोल करतात.